चौथं कणीस

४ ऑक्टोबर १९९०, गुरुवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तातू धुरीनं विळा हातात घ्यायला नकार दिला.

आम्ही पंचवीस-तीस माणसं देवाच्या कुणग्याच्या बांधावर उभी होतो. कुणगा म्हणजे भातशेतीचा लहान तुकडा. हा सातेरीच्या नावाचा होता आणि त्यातली पहिली कणसं कापण्याचा मान आंबेरखोल गावात धुऱ्यांच्या घराचा होता. भात हळवं, लवकर तयार होणारं, पिकून बांधाकडे कललेलं. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. ढोलवाला ढोल गळ्यात अडकवून थांबला होता, कारण पहिलं कणीस कापलं गेल्याशिवाय त्यावर टिपरी पडत नसे.

"हात दुखता," तातू म्हणाला.

"खयचो?" भिकू परबानं विचारलं. गावात कुठंही चार माणसं जमली की पाचवा आवाज भिकूचा असायचा.

"उजवो."

"अरे, काल मिरजेसून एसटी हाकून इलंस. ती काय पायान हाकलंस?"

लोक हसले. तातू हसला नाही. तो सावंतवाडी-मिरज गाडीवर चालक होता आणि दहा-बारा दिवसांनी आदल्या संध्याकाळीच गावात आला होता. डोक्यावरची टोपी त्यानं कानापर्यंत ओढली होती. ओठावर मिशी नव्हती. भिकूनं तेही सोडलं नाही.

"आणि मिशी खंय गेली रे? बायलेन चुलीत घातल्यान काय?"

"उवा झालेल्यो," तातू म्हणाला आणि विळा भिकूच्या पुढं धरला. "तू काप. ह्या वर्सा तू काप."

भिकूनं हात मागं घेतले. थट्टा करणं वेगळं आणि धुऱ्यांचा मान परबानं घेणं वेगळं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी त्या वर्षी माझ्या वडिलांच्या जागी उभा होतो. आम्ही गावकर. कणसं कापणं धुऱ्यांचं, ती मोजून घराघराला देणं आमचं. आपांचा पाय विहिरीच्या पायरीवरून घसरून मोडला होता आणि प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी कोल्हापूरहून तीन दिवसांची रजा काढून आलो होतो. तिथल्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. वय एकोणतीस. नव्याच्या पुनवेला मी नऊ वर्षांत गावी आलो नव्हतो.

"धुऱ्यांत दुसरो कोण असा?" मी विचारलं.

तातूला मूल नव्हतं. त्याचा थोरला भाऊ जानू बारा वर्षांपूर्वी मुंबईला गेला तो गेलाच.

"माझ्या चेडवाक द्या," खालून आवाज आला.

बायका बांधाच्या खालच्या अंगाला उभ्या होत्या. त्यांच्यातून जानूची बायको शेवंता पुढं आली. तिच्यामागं तिची मुलगी सुलभा. सुलभा तेव्हा सतरा वर्षांची, सावंतवाडीला कॉलेजात जाणारी.

"तां नको," तातू एकदम म्हणाला.

"कित्याक नको? धुऱ्यांचां रगत नाय तिच्यात?"

"वयनी, माझां आयक. ह्या वर्सा आपल्यातल्या कोणीच हात लावू नको."

"तू लाव नको. तुजो हात दुखता. माझ्या चेडवाचो दुखणा नाय."

आपांनी मला आदल्या दिवशी सगळं तोंडी सांगितलं होतं आणि मी ते वहीत क्रमानं उतरून घेतलं होतं. कापण्याबद्दल त्यात 'धुऱ्यांचं रक्त' एवढेच दोन शब्द होते. बाई की पुरुष, काही नव्हतं. मी तसं मोठ्यानं सांगितलं. तातूनं विळा बांधावर ठेवला, सुलभाच्या हातात दिला नाही. तो तिनं स्वतः उचलला, ओढणी कमरेला गुंडाळली आणि कुणग्यात उतरली. डाव्या हातानं तिनं चार-पाच ताटं एकत्र धरली.

"बोटां सांभाळ गो," भिकू ओरडला. "बापासारखां करशीत."

विळा फिरला. ढोल वाजला. सात पंचवीस झाले होते. तातूनं तोंड फिरवलं होतं. मी ते पाहिलं, पण त्याच वेळी भिकूच्या त्या वाक्यानं मला दुसरंच काहीतरी आठवलं होतं आणि माझं लक्ष तिकडं लागलं.

आमच्याकडं नवं भात असंच खात नाहीत. आश्विनातल्या पुनवेला पहिली कणसं सातेरीला जातात. सातेरी म्हणजे देवळातलं वारूळ. मूर्ती नाही, मुखवटा नाही, माणसाच्या उंचीचं लाल मातीचं वारूळ, दरवर्षी थोडं वाढणारं. पाच कणसं त्याच्या पायाशी ठेवतात. मग उरलेली घरोघरी वाटतात. घरात जितकी जिवंत माणसं तितकी कणसं. मुंबईला असलेला धरायचा, बोटीवर असलेला धरायचा, पाळण्यातलं मूल धरायचं. घरचं माणूस येऊन आकडा सांगतं आणि गावकर मोजून देतो. ती कणसं आंब्याच्या पानात कुरडूच्या फुलांसोबत बांधून दारावर लावायची आणि त्यातले चार दाणे सोलून त्या दिवशीच्या खिरीत टाकायचे. लहानपणी आम्ही ती खीर खाताना आपल्या नावाचा दाणा कोणता, यावरून भांडायचो.

याला दोन अटी होत्या. मेलेल्याच्या नावानं कणीस घेतलं तर वारुळाला तडा जातो. आणि जिवंत माणसाचं घेतलं नाही तर तो घरची वाट चुकतो.

जानू धुरी १९७८ च्या शिमग्यानंतर मुंबईला गोदीत बोटी रंगवायच्या कामावर गेला. दिवाळीपर्यंत पत्रं आली, मनीऑर्डर आली. मग दोन्ही बंद. तातू दोनदा जाऊन आला. खोलीवरच्या माणसांनी सांगितलं, एका सकाळी ट्रंक घेऊन बाहेर पडला. त्याहून जास्त कुणाला काही कळलं नाही. शेवंतानं त्या वर्षी सासूचं, आपलं, मुलीचं आणि नवऱ्याचं अशी चार कणसं घेतली. पुढल्या वर्षी चार. त्याच्या पुढल्या वर्षी चार. कपाळाला कुंकू आणि दारावर चार कणसं. शेती तिनं एकटीनं ओढली.

मला जानू आठवतो तो माझ्या वयाच्या नवव्या वर्षीचा. भाताच्या हिरव्या काडीला दातानं चीर पाडून तो अशी पिपाणी वाजवायचा की गुरं मान वर करून बघत. आम्ही पोरं त्याच्यामागं फिरायचो. "भालू, दातान नाय, जिभेन सांग तिका," असं तो मला शिकवायचा. माझी कधीच वाजली नाही. त्याच वर्षी देवाच्या कुणग्यात विळा निसटला आणि त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट पहिल्या पेराशी तुटलं. बायका किंचाळल्या. जानूनं हात चिखलात बुडवला, वर काढला आणि म्हणाला, "देवीक ह्या वर्सा सहावां कणीस गावलां."

देवळात आम्ही आठ वाजता पोचलो. मी वारुळाशेजारी पाटावर बसलो, पुढ्यात भारा. साठ घरं होती. आपांची सक्त ताकीद होती, "इचारूचा नाय. जो आकडो सांगतीत तो देवचो. हिशेब देवीचो, आपलो नाय." मोजताना पहिल्या कणसाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. माणसं येत होती, हसत होती. "सात दी रे भालू, सुनेक दिवस गेलेत, पण तां अजून धरूचां नाय." "माका दोन. म्हातारो खोकता, पण असा." कुणी माझ्या हाताला भाताचा वास लागला का, असं विचारलं. लागला होता.

पावणेनऊच्या सुमारास शेवंता पुढं आली. तिनं पदर पसरला.

"चार."

"भालू, तीन दी," बाहेरून तातूचा आवाज आला.

तो देवळाच्या पायरीखाली अंगणात उभा होता. आतापर्यंत आत आला नव्हता. त्याच्या घरची कणसं न्यायलाही कुणी आलं नव्हतं. 'मागसून घेतंय' असं त्यानं कुणाला तरी सांगितलं होतं.

"बारा वर्सां झाली," तातू म्हणाला. "बारा वर्सां माणसाचो पत्तो नाय काय तो ग्येलो असा धरतत. शास्त्र असा."

शेवंतानं मागं वळून पाहिलं नाही. "शास्त्र भायर उभ्यान सांगतंस? आत ये. देवीसमोर सांग."

"मी येणा नाय आत."

"कित्याक? आता पाय दुखतत?"

बायकांमध्ये हसू फुटलं. तातूनं मान खाली घातली. पण तो हटला नाही. "वयनी, तुज्या पाया पडतंय. तीन घे. तीन घे आणि घराक जा."

"वयनी, तो वायट सांगणा नाय," भिकू मध्ये पडला. "वारुळाक तडो गेलो तर सगळ्या गावाक भोगूचा लागतला."

"आणि माझो घोव वाट चुकलो तर तू हाडशीत शोधून?"

मग कुणीतरी म्हणालं, तातूला आता भावाची जमीन दिसायला लागली आहे. कुणी म्हटलं ते कळलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. तातूनंही. त्याचा चेहरा मला दारातून दिसत होता.

शेवंतानं पुन्हा पदर पुढं केला. "भालू, चार."

मी मोजायला लागलो. लाभ. दोन. तीन.

तिथं माझा हात थांबला.

बारा दिवसांपूर्वी, २२ सप्टेंबरला संध्याकाळी, मी जिल्ह्याच्या पानावर बसलो होतो. पान जवळजवळ लागलं होतं. पंचांगवाल्यांकडून एक चौकट आली होती, 'आज दिवस-रात्र समान'. ती दरवर्षी जायची आणि संपादकांना ती हवीच असायची. तिला जागा करायला मी खालची एक बातमी कापली. मिरज, ता. २२, वार्ताहराकडून. रेल्वेच्या मालधक्क्याजवळ अंदाजे पंचेचाळीस वर्षं वयाच्या अनोळखी इसमाचा मृतदेह मिळाला. नऊ ओळी होत्या, मी चार ठेवल्या. कापलेल्या पाच ओळींत कपड्यांचा रंग होता, उजव्या दंडावर गोंदलेला मारुती होता आणि डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट पहिल्या पेराशी तुटलेलं असल्याचा उल्लेख होता.

त्या ओळी मी वाचल्या होत्या. ओळी म्हणून वाचल्या होत्या. त्या सकाळी कुणग्यात सुलभाचा डावा हात ताटांवर आवळला जाईपर्यंत आणि भिकू तसं ओरडेपर्यंत त्या मला परत दिसल्या नव्हत्या. जानूच्या दंडावर मारुती होता. त्याला धरून आम्ही पोरं लोंबकळायचो.

तुटलेल्या बोटाची आणि गोंदलेल्या मारुतीची माणसं महाराष्ट्रात पुष्कळ असतील. एवढ्यावर कुणी बातमी छापणार नाही. पण एवढ्यावर कणीस द्यावं का, ते माझ्या वहीत लिहिलेलं नव्हतं.

शेवंता माझ्या हाताकडं बघत होती. मग माझ्या तोंडाकडं.

"चार," मी म्हणालो आणि चौथं कणीस तिच्या पदरात ठेवलं.

बाहेर तातू खाली बसला. अंगणातल्या मातीतच बसला.

दुसऱ्या दिवशी मला दुपारच्या गाडीनं कोल्हापूरला परतायचं होतं. सकाळी आठ वाजता मी धुऱ्यांच्या घरी गेलो. काय सांगायचं ते ठरवलं होतं: जे छापलं ते आणि जे कापलं ते, दोन्ही. त्यापुढं एक शब्द नाही.

सासू ओटीवर उन्हात पाय पसरून बसली होती. तिला ऐकू कमी यायचं. दारावर नवं बांधलेलं होतं. शेवंता आतून बाहेर आली, हात पुसत.

"काल तुजो हात तिनार थांबलो," ती म्हणाली. बसायलाही सांगितलं नाही.

"मोजणी चुकली."

"पेपरात काम करतंस ना तू? तुजी मोजणी चुकणा नाय."

"वयनी, मिरजेक एक—"

"थांब."

ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती वाटीतून खीर घेऊन आली. आदल्या दिवशीची, घट्ट झालेली, गुळाची आणि नारळाच्या रसाची. वर नव्या भाताचे दोन-तीन दाणे, कच्चे, पांढरे.

"आधी खा. तोंडात घास आसताना बोलू नको."

मी खाल्ली. तिनं माझ्यासमोर उकिडवं बसून वाटी रिकामी होईपर्यंत वाट पाहिली.

"तुका कायतरी म्हायत असा," ती म्हणाली. आवाज खाली आणला होता, खरं तर सासूमुळं त्याची गरज नव्हती. "पण तां खरां काय खोटां, तां तुकाच म्हायत नाय. तुज्या तोंडार दिसता तां."

"होय."

"आर्दां माका सांगू नको. आर्दां घेवन मी खंय जाव? कुंकू पुसू काय ठेवू? त्या चेडवाक काय सांगू?" तिनं दारावरच्या कणसांकडं पाहिलं. "पक्कां कळात, त्या दिवशी ये. पाऊस आसांदे, परीक्षा आसांदे, तुजो पेपर बंद पडांदे. ये आणि सांग. मी रडूचंय नाय तुज्यासमोर. तोपर्यंत तो चारांतलो."

"येतलंय," मी म्हणालो.

"वाटी दी."

खात्री करायला कोल्हापूरहून मिरजेला जायला दीड तास लागतो. मला चार वर्षं लागली. कारणं होती. बदली, लग्न, निवडणुका. ती मी इथं देत नाही, कारण त्यातलं एकही पुरेसं नाही.

नोव्हेंबर १९९४ मध्ये दुसऱ्याच एका कामासाठी मिरजेला गेलो असताना मी तिथल्या रेल्वे पोलिसांच्या चौकीत गेलो. हवालदार ओळखीचा निघाला. त्यानं नव्वदची नोंदवही काढून दिली आणि स्वतः चहा सांगायला गेला. २२ सप्टेंबरची नोंद सापडली. वार्ताहरानं पाठवलं होतं ते सगळं तिथं होतं, मारुती, बोट. शेवटच्या रकान्यात वेगळ्या शाईत लिहिलं होतं: 'दि. २४-९-९० रोजी प्रेत भावाच्या ताब्यात दिले. अंत्यविधी मिरज येथे.' खाली सही होती. ता. बा. धुरी. गिचमिड नव्हती. शाळेत घोटवून घेतात तशी, अक्षराअक्षरानं काढलेली सही.

मी वही मिटली आणि बोटांवर दिवस मोजले. चोवीस सप्टेंबर ते चार ऑक्टोबर, अकरा दिवस. सुतक तेरा दिवसांचं. त्यात विळा धरत नाहीत, देवळाची पायरी चढत नाहीत. आणि मिशी काढलेली असते.

बसस्थानकावर सव्वातीनची सावंतवाडी गाडी फलाटाला लागली होती. तातू चालकाच्या जागेवर बसून चहा पीत होता. मला बघून त्याला आनंद झाला. मी दाराशी उभा राहिलो.

"चोवीस सप्टेंबर नव्वद," मी म्हणालो.

त्यानं ग्लास खाली ठेवला. कंडक्टर तिकिटांची पेटी घेऊन वर चढत होता, त्याला त्यानं बिड्या आणायला पाठवलं.

"तुका कसां कळलां होतां?" मी विचारलं.

"पाशिंजरान सीटार पेपर टाकलेलो. तुजो नव्हे, दुसरो. त्यात बोट होतां, मारुती होतो. तुज्या पेपरात काय होतां?"

"चार ओळी."

"बोट?"

"नाय."

"कापलंस?"

"होय."

त्यानं मान हलवली. त्यात राग नव्हता. "बरां केलंस म्हणूक व्हया. वयनीकडे तुजोच पेपर येता."

"तिका सांगलंस कित्याक नाय?"

"मी थंय पोचलंय तेव्हा तो एकटो नव्हतो, भालू. माणसां होती तेच्याजवळ. त्याका आपलो म्हणणारी. बाकीचां तू इचारू नको, मी सांगूचंय नाय. मरण सांगलां काय मागसून बारा वर्सां सांगूक लागतली. ती मी तिका कशी सांगू?"

"म्हणून तीन घे म्हणत होतंस."

"ती आपसून तिनार इली असती तर कोणाक काय सांगूचां लागला नसतां. लोकांका वाटलां, माका जमीन व्हयी." तो हसला. पहिल्यांदाच. "जमीन! मी आयुष्यभर रस्त्यार. आणि तां चेडू कुणग्यात उतारलां, बापाचां सुतक आसताना. मी म्हटलंय, आता संपलां, वारूळ फुटतलां."

"त्या वर्सा भात बरां पिकलां," मी म्हणालो. पिकलं होतं. आधीच्या पाच-सहा वर्षांत तसं पिकलं नव्हतं.

"होय मां? सातेरीन बहुतेक तुजोच पेपर वाचल्यान."

कंडक्टर बिड्या घेऊन आला. माणसं चढायला लागली. एका म्हातारीची टोपली दारात अडकली, ती तातूनंच उठून आत घेतली.

"तातू," मी म्हणालो, "वयनीन माका सांगलेला, पक्कां कळलां काय ये."

"मग जा. आता पक्कां कळलां मां तुका?" त्यानं गाडी चालू केली आणि इंजिनाच्या आवाजावर बोलला. "जा, सांग. मग ती इचारीत, तो इतकी वर्सां खंय होतो. तेव्हा तिका सांग, तातूक म्हायत असा, पण तो सांगणा नाय. मग ती माज्या दारात येवन बसात. आवय थंय ओटयेर, ती हंय दारात. इतक्यां सगळां करूचां आसला तर जा."

गाडी सव्वातीनला सुटली. वेळेवर.

मी गेलो नाही.

पुढं सासू वारली, १९९६ मध्ये. त्या वर्षी शेवंतानं तीन मागितली. १९९९ मध्ये सुलभाचं लग्न झालं, तिचं कणीस सासरच्या घरात गेलं. तेव्हापासून दोन. आपा गेल्यावर मोजायला मीच जायचो, पंधरा वर्षं गेलो. दरवर्षी ती पदर पसरायची, 'दोन' म्हणायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. क्षणभरच. मी लाभ, दोन म्हणून हात मोकळा करायचो. तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा मसुदा माझ्याकडं पुष्कळ वेळा तयार झाला होता. तो कधी चार ओळींचा असायचा, कधी नऊ.

आता गुडघ्यांमुळं मला पाटावर बसवत नाही. सहा वर्षांपासून माझा पुतण्या रोहिदास मोजतो.

गेल्या वर्षी, ७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार, सकाळी साडेदहा वाजता त्याचा फोन आला. सगळं नीट पार पडलं, त्र्याण्णव घरं झाली, ढोलाचं कातडं ऐन वेळी फाटलं, एवढं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "काका, शेवंताकाकीन ह्या वर्सा एकच मागल्यान."

"आकडो नीट आयकलंस?"

"दोनदा सांगल्यान. एक."

"कुंकू होतां कपाळाक?"

"तां मी बघूक नाय, काका. गर्दी होती."

मी तिच्या घरचा फोन लावला. तीनदा वाजून बंद झाला. सुलभाला लावला, तिला काही ठाऊक नव्हतं. मग भिकू परबाच्या मुलाला. त्याच्याकडून कळलं ते असं: तातू धुरी निवृत्तीनंतर बेळगावला मेहुणीच्या मुलाकडं राहतो, शहात्तर वर्षांचा आहे, नजर अधू झाली आहे. तो ३ ऑक्टोबरला दुपारच्या गाडीनं आंबेरखोलात उतरला आणि ४ तारखेला सकाळी परत गेला. मधल्या वेळेत तो शेवंताच्या घरी गेला होता की नाही, ते कुणी पाहिलेलं नाही.